समारंभाचा गणवेश केव्हा चढवावा?
एनसीसीचे कॅडेट, त्यांचे पालक आणि शाळा-महाविद्यालयांसाठी

ऑगस्ट उजाडला की शाळा-महाविद्यालयांतल्या एनसीसीच्या खोलीत लगबग सुरू होते. बक्कल ब्रासोने घासले जाते, बुटांवर पॉलिशचे थर चढतात, बेरेटवरचा हॅकल नीट बसला की नाही ते एकमेकांना दाखवून घेतले जाते. याच दिवसांत प्रश्नही येऊ लागतात. गावातल्या मंडळाने पाहुण्यांच्या स्वागताला बोलावले आहे, गणवेशात जाऊ का? गावातल्या जवानाचे पार्थिव येणार आहे, सलामी द्यायला उभे राहू का? स्नेहसंमेलनातल्या देशभक्तिपर नाचासाठी मैत्रीण माझा गणवेश मागते आहे, देऊ का?

उत्तरे बहुधा मागच्या वर्षीच्या सीनिअरांकडून ऐकलेली असतात आणि ती दर वर्षी थोडी बदलतात. म्हणून या लेखात नेमके आणि वापरता येईल असे काही सांगायचे आहे. मूळ सूत्र एवढेच की समारंभाचा गणवेश आदेशाने आणि प्रसंगाच्या मानासाठी घालायचा असतो. हे सूत्र नीट समजले की जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तुमचे तुम्हालाच काढता येते.

गणवेश कोणाचा?

पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९४८ साली राष्ट्रीय छात्र सेनेचा, म्हणजेच एनसीसीचा, कायदा झाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये संघटना उभी राहिली. १९४९ मध्ये मुलींचा विभाग सुरू झाला, १९५० मध्ये हवाई विंग आणि १९५२ मध्ये नौदल विंग आली. त्यामुळे आज एकाच संघटनेत तीन रंग दिसतात: आर्मी विंगची खाकी, नेव्हल विंगचा पांढरा आणि एअर विंगचा निळसर.

कॅडेट हा सैनिक नाही. प्रत्यक्ष लष्करी सेवेचे कोणतेही बंधन कायद्याने त्याच्यावर घातलेले नाही. तरीही त्याच्या गणवेशाचा घाट, त्याचे ड्रिल आणि सलामीची पद्धत सैन्यदलांकडून आलेली आहे, आणि रस्त्यावरचा माणूस त्याच्याकडे सैन्याविषयीच्या आदरानेच पाहतो. हा आदर कॅडेटने स्वतः कमावलेला नसतो. आपल्या आधीच्या माणसांनी कमावलेला मान आपण काही तासांसाठी अंगावर घेतो, आणि त्याची जबाबदारी म्हणूनच मोठी असते.

गणवेशाचे प्रकारही आधी स्पष्ट करून घ्यावेत. धावणे, व्यायाम आणि खेळ यांसाठी पीटी ड्रेस. साप्ताहिक परेड, नकाशावाचन, शस्त्रांचा तास, समाजसेवेची कामे यांसाठी रोजचा गणवेश. आणि मानवंदना, ध्वजवंदन, संचलन, पायलट ड्यूटी यांसाठी समारंभाचा. आर्मी विंगमध्ये रोजची आणि समारंभाची खाकी एकच असते. स्कार्फ, पांढरे हातमोजे, अँकलेट, डोरी असा साज युनिटच्या आदेशाप्रमाणे चढला की तीच खाकी समारंभाची होते. म्हणून ‘गणवेशात या’ असा निरोप मिळाला की साजासह की साजाशिवाय, हे विचारून घ्यावे. असे विचारण्यात कमीपणा काहीच नाही. पंचवीस जणांच्या रांगेत दोघांच्याच हातांत मोजे दिसले तर मात्र सगळ्या पथकाचा टर्नआउट, म्हणजे एकूण नीटनेटकेपणा, बिघडतो.

तीन प्रश्न

गणवेश चढवण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला, आदेश कोणाचा? आपले एएनओ, म्हणजे शाळा-महाविद्यालयातले एनसीसी अधिकारी, किंवा बटालियन यांच्याकडून सूचना आली आहे का? वर्गशिक्षक, नगरसेवक, मंडळाचे अध्यक्ष, घरातले वडीलधारे यांचा शब्द मोठा असला तरी गणवेशाच्या बाबतीत तो आदेश ठरत नाही.

दुसरा, मान कोणाला? राष्ट्रध्वज, हुतात्मे, आपली संघटना, राष्ट्राच्या वतीने येणारे मान्यवर यांच्यासाठी हा पोशाख आहे. एखाद्या व्यक्तीची, दुकानाची, पक्षाची किंवा आपली स्वतःची शान वाढवायला तो नाही.

तिसरा, गणवेश पूर्ण आहे का आणि कार्यक्रम संपेपर्यंत तसाच राहील का? चिखल, रंग, गुलाल, स्वयंपाक, ओझी उचलणे असे काही पुढे असेल तर समारंभाचा गणवेश तिथे बसत नाही.

तिन्ही उत्तरे ठाम असतील तर गणवेश चढवा. एक जरी डळमळीत असेल तर एएनओंना फोन करा.

निःसंकोच घालावा असे प्रसंग

२६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टचे ध्वजवंदन व संचलन, मराठवाड्यात १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, गोव्यात १९ डिसेंबरचा मुक्तिदिन हे समारंभाच्या गणवेशाचे हक्काचे दिवस. नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी येणारा एनसीसी दिनही त्यांतलाच. कारगिल विजय दिन (२६ जुलै) आणि विजय दिन (१६ डिसेंबर) या दिवशी संस्थेने किंवा युनिटने कार्यक्रम ठेवला असेल तर पथक पूर्ण गणवेशात उभे राहावे.

पदोन्नतीचा कार्यक्रम, म्हणजे लान्स कॉर्पोरलपासून सीनिअर अंडर ऑफिसरपर्यंतच्या रँक गणवेशावर चढवण्याचा दिवस, हाही औपचारिक प्रसंग आहे. शिबिरात ग्रुप कमांडरांची तपासणी, गार्ड ऑफ ऑनरची स्पर्धा, समारोप यांसाठी समारंभाचा टर्नआउट लागतो. त्याच शिबिरातल्या मेसच्या ड्यूटीला, तंबू ठोकायला किंवा अडथळ्यांच्या शर्यतीला तो नेऊ नये. दर जानेवारीत दिल्ली छावणीतल्या करिअप्पा परेड ग्राउंडवर भरणारे प्रजासत्ताक दिन शिबिर हे या टर्नआउटचे शिखर आहे. तिथे पोहोचलेल्या कॅडेटला विचारा. निवडीच्या प्रत्येक टप्प्यावर पहिली नजर पडली ती बूट, बेल्ट आणि बेरेटवर, असेच तो सांगेल.

बी आणि सी प्रमाणपत्रांच्या प्रात्यक्षिक परीक्षेला जाताना युनिटने सांगितलेला गणवेश पूर्ण असावा. ड्रिलची परीक्षा मैदानावर पाऊल टाकताच सुरू होते.

आधी विचारून घ्यावे असे प्रसंग

गावातल्या जवानाला वीरमरण आले आणि अंत्यसंस्कार शासकीय इतमामात होणार असतील, तर कॅडेटला गणवेशात जावेसे वाटणे स्वाभाविक आहे. इथे आधी एएनओंना विचारा. परवानगी मिळाली तर पथक म्हणून, अधिकाऱ्यांसोबत, नेमून दिलेल्या जागी उभे राहा. तिथली मानवंदना सैन्यदल किंवा पोलिसांचे पथक देते. त्यांच्या रचनेत आपण आपल्या मनाने शिरायचे नसते. परवानगी नसेल तर साध्या पांढऱ्या कपड्यांत लोकांच्या रांगेत उभे राहून फुले वाहा. त्या घराला तुमची उपस्थिती पुरेशी असते.

विसर्जन मिरवणुकीत पोलिसांना मदत, वारीच्या वाटेवरची सेवा, रक्तदान शिबिर, वृक्षारोपण ही कामे एनसीसी वर्षानुवर्षे करत आली आहे. डिसेंबर २०२१ पासून ‘पुनीत सागर अभियाना’त कॅडेट समुद्रकिनारे आणि नदीकाठ स्वच्छ करतात. अशा कामांना समारंभाचा साज नको. युनिट सांगेल त्याप्रमाणे रोजचा गणवेश किंवा टी-शर्ट आणि टोपी पुरते. विसर्जनाच्या गर्दीत लोकांनी तुम्हाला ओळखावे म्हणून रोजचा गणवेश लागू शकतो, पण किनाऱ्यावरचा प्लास्टिकचा कचरा पांढरे हातमोजे घालून उचलता येत नाही. घरच्यांसोबत वारीला किंवा मिरवणुकीला जात असाल तर तुम्ही भाविक आहात. तेव्हा गणवेश घरीच राहू द्या.

शाळेच्या पारितोषिक वितरणात पाहुण्यांना प्रवेशद्वारापासून व्यासपीठापर्यंत नेण्याची पायलट ड्यूटी कॅडेटला मिळते. युनिटच्या संमतीने ती जरूर करावी. गार्ड ऑफ ऑनर ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ती कोणाला द्यायची याचे नियम ठरलेले आहेत, आणि रायफली बाहेर काढायच्या तर युनिटच्या परवानगीशिवाय पान हलत नाही. शाळेने पाहुण्याला ‘गार्ड ऑफ ऑनर’ असे निमंत्रणपत्रिकेत छापून टाकण्याआधी बटालियनला पत्र पाठवावे.

घालूच नये असे प्रसंग

कोणत्याही पक्षाची सभा, प्रचारफेरी, मोर्चा, आंदोलन. तुमचे मत काहीही असो, ते साध्या कपड्यांत मांडा.

दुकानाचे उद्घाटन, जाहिरात, क्लासच्या बॅनरवरचा फोटो.

घरचे लग्न, वाढदिवस, वास्तुशांत. बहिणीच्या लग्नात भाऊ गणवेशात उठून दिसेल असे आईला वाटते, त्यामागचे कौतुक खरे असते. पण तो दिवस बहिणीचा आहे, आणि गणवेश कौटुंबिक हौसेसाठी दिलेला नाही.

नाटक आणि नाच. सैनिकाची भूमिका करणाऱ्याने वेशभूषेचे कपडे भाड्याने आणावेत. एनसीसीचा बॅज आणि शोल्डर टायटल लावलेला गणवेश मित्राला उसना देऊ नये.

नोकरीची मुलाखत. सी प्रमाणपत्राच्या आधारे एनसीसी स्पेशल एंट्रीतून एसएसबीच्या, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीला गेलात तरी तिथे नीटनेटके साधे कपडेच हवेत. प्रमाणपत्र तुमच्या वतीने बोलते आणि उरलेले तुमच्या वागण्यातून दिसते.

बसमध्ये जागा मिळावी, रांगेत पुढे घ्यावे, नाक्यावर गाडी अडवू नये म्हणून गणवेशाचा वापर. हा सरळ गैरवापर आहे. इथे कायदाही लक्षात ठेवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार, सैन्यात नसताना आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे या हेतूने सैनिकासारखा पोशाख घालणे हा गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आदेशानुसार एनसीसीचा गणवेश घालणाऱ्या कॅडेटला याची भीती बाळगायचे कारण नाही. पण तोच कॅडेट ‘मी आर्मीत आहे’ असे सांगत फिरू लागला तर तो धोक्याच्या हद्दीत शिरतो.

बाजारात मिळणारे ‘कॉम्बॅट’ छापाचे कपडेही टाळा. १५ जानेवारी २०२२ च्या सैन्यदिनी लष्कराने आपला नवा लढाऊ गणवेश पहिल्यांदा दाखवला आणि पुढे त्याच्या डिझाइनचे हक्क आपल्या नावावर नोंदवले. त्याच्या नकला विकत घेऊन एनसीसीच्या पँटवर चढवणे म्हणजे दोन्ही गणवेशांचा अपमान.

अर्धा गणवेश म्हणजे गणवेश नव्हे

गणवेश घालायचा तर पूर्ण, नाहीतर साधे कपडे. खाकी पँटवर घरचा टी-शर्ट, शर्टाची बटणे उघडी, बेरेट खिशात खोचलेली, पायांत चप्पल, असे रूप एसटी स्टँडवर दिसता कामा नये. याला सोपा उपाय आहे. गणवेश इस्त्री करून पिशवीत न्या आणि शाळेत पोहोचल्यावर चढवा. कोकणात आणि घाटमाथ्यावर १५ ऑगस्टला पाऊस हमखास असतो, तिथे तर हीच पद्धत बरी. पावसातल्या परेडचा निर्णय एएनओ घेतील, कॅडेटने स्वतःच्या मनाने रंगीत रेनकोट चढवू नये.

बेरेटचा बॅज डाव्या डोळ्याच्या वर यावा आणि कापड उजवीकडे खाली ओढलेले असावे. मुलांचे केस बारीक, मुलींचे जाळीत घट्ट बांधलेले. नेलपॉलिश, लोंबते कानातले, रंगीत घड्याळ नको. राखीपौर्णिमा बऱ्याचदा १५ ऑगस्टच्या आसपास येते, तेव्हा परेडपुरती राखी काढून जपून ठेवा आणि नंतर पुन्हा बांधा. गंड्यादोऱ्यांचेही तसेच. शीख कॅडेटची पगडी आणि कडे यांना हा नियम लागू नाही. वडिलांची किंवा आजोबांची पदके कितीही अभिमानाची असली तरी आपल्या छातीवर लावू नयेत. स्काउट-गाइड किंवा रस्ता सुरक्षा दलाचे बिल्ले एनसीसीच्या गणवेशावर मिसळू नयेत.

सलामीचेही शिस्तीने समजून घ्या. भारतीय ध्वजसंहितेनुसार ध्वज चढताना गणवेशातील व्यक्तींनी योग्य ती सलामी द्यायची असते आणि इतरांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभे राहायचे असते. पथकात असाल तर कमांडरच्या आदेशावर चाला, आपापली सलामी ठोकू नका. डोक्यावर बेरेट नसेल तर सलामी देऊ नये, सावधान उभे राहावे.

दीर्घकाळ सावधान उभे राहिल्यावर भोवळ येणे ही कमजोरीची खूण नाही. गुडघे ताठ आवळून उभे राहिले की पायांतले रक्त वर परतायला वेळ लागतो, डोक्याकडचा पुरवठा कमी होतो आणि माणूस कोसळतो. म्हणून परेडच्या सकाळी नाश्ता आणि पाणी चुकवू नका, गुडघे किंचित सैल ठेवा, बुटाच्या आत बोटे हलवत राहा. विदर्भात १ मेच्या उन्हात हे विशेष जपावे.

फोटो आणि रील

परेड संपल्यावर पथकाचा फोटो, आईवडिलांसोबतचा फोटो, रँक मिळाल्याचा फोटो जरूर काढा. पण गाण्यावर ओठ हलवत गणवेशात केलेली रील, रायफल रोखलेली पोझ, शिबिरातल्या तंबूंचे, शस्त्रांचे किंवा छावणीच्या फाटकाचे चित्रण समाजमाध्यमांवर टाकू नका. रायफल तुमची नसते. छावणीची जागाही प्रदर्शनासाठी नसते. शंका आली तर तो फोटो तुमच्या कमांडिंग ऑफिसरांना स्वतःहून दाखवाल का, एवढे विचारा.

आयोजकांना आणि पालकांना

मुख्याध्यापक, प्राचार्य, मंडळांचे कार्यकर्ते यांना मनापासून विनंती आहे. कॅडेट म्हणजे मांडवाची सजावट नव्हे. पाहुणे दोन तास उशिरा येणार हे ठाऊक असताना मुलांना सकाळपासून उन्हात रांगेत उभे करणे हा त्या गणवेशाचा मान नाही. पथकाला वेळेवर बोलवा, सावलीची आणि पाण्याची सोय करा, पाहुणे जवळ आल्यावरच फॉलइन करायला सांगा. हार-तुरे देणे, चहा फिरवणे, खुर्च्या लावणे ही कामे समारंभाच्या गणवेशातल्या मुलांना सांगू नका. त्याच मुलांना त्याच कामासाठी साध्या कपड्यांत बोलावले तर ती आनंदाने येतील.

पालकांनी दोन गोष्टी पाहाव्यात. गणवेशासाठीचा भत्ता आता थेट कॅडेटच्या बँक खात्यात जमा होतो. तो त्याच कामासाठी वापरा, आणि शिंप्याकडे शिवताना युनिटने दिलेला नमुना दाखवा. ज्युनिअर डिव्हिजनची दोन वर्षे म्हणजे मुलांच्या उंची वाढण्याची वर्षे, म्हणून पँटच्या तळाशी कापड दुमडून ठेवायला सांगा. दुसरे म्हणजे इस्त्री आणि पॉलिश मुलांनाच करू द्या. टर्नआउटचे निम्मे शिक्षण त्या आदल्या रात्रीच्या तासाभरात होते.

एनसीसी सोडल्यावर

सीनिअर डिव्हिजनची तीन वर्षे पूर्ण झाली, सी प्रमाणपत्र हातात आले की गणवेश उतरतो. युनिटचे सामान मोजून परत करा. त्यानंतर माजी कॅडेट म्हणून संचलन पाहायला जाल तेव्हा स्वच्छ साधे कपडे घाला. २०२१ साली माजी कॅडेटांची अखिल भारतीय संघटना सुरू झाली आहे. नाते टिकवायचे असेल तर तिचे सदस्य व्हा, आपल्या जुन्या शाळेतल्या मुलांना ड्रिल शिकवायला जा.

एनसीसीचे ब्रीदवाक्य ‘एकता और अनुशासन’ आहे. त्यातली एकता गणवेश सारखा असल्याने दिसते आणि अनुशासन तो केव्हा घालायचा नाही हे कळल्याने येते. म्हणून पुढच्या वेळी शंका आली तर आरशाकडे जाण्याआधी एएनओंना विचारा, आदेश मिळाला तर पूर्ण गणवेशात वेळेआधी हजर व्हा, आणि मिळाला नाही तर साध्या कपड्यांतही तितकेच ताठ उभे राहा.